बंदुकीला मानवणारी गोळी

१९ ऑक्टोबर
पुन्हा गोळ्या विखुरल्या! निशाणाच्या कागदाची नुसती चाळण. बाबांची जुनी बंदूक अशी नव्हती, पण काडतूस भरायला तिचा बोल्ट प्रत्येक बारानंतर हाताने ओढावा लागतो. एप्रिलमध्ये मला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात तेवढंही ऐकत नाही. म्हणून ही सेमी-ऑटोमॅटिक — पुढचं काडतूस आपणच भरते. भरते, आणि भलतीकडे मारते.

२१ ऑक्टोबर
ऑर्व्हिलचा फोन. माझ्या बायकोचा, एल्माचा धाकटा भाऊ; जंगलातला आमचा शिकारीचा कॅम्प तोच सांभाळतो. "दाजी, कात्रीला धार लावून ठेवलीय हं."
कॅम्पची रीतच आहे: हरीण समोर असून जो चुकला, त्याच्या शर्टाचं मागचं टोक सगळ्यांदेखत कापायचं, नाव लिहून भिंतीला ठोकायचं. बाबांचे दोन तुकडे आहेत तिथे. माझा एक. शिव्या देत कापून घेतला होता, आणि रात्रभर हसलो होतो.

२६ ऑक्टोबर
बंदुकांच्या दुकानातली हेडी म्हणाली, "ह्या बंदुकांचे चोचले असतात. हलकी गोळी नेऊन बघ, जड नेऊन बघ. तिला मानवेल तीच खरी. आणि ही आपटत आपटत भरते, तेव्हा काडतुसात घट्ट बसवलेलीच गोळी घे." चार प्रकार आणले.
एल्मा टेबलावरचे काडतुसांचे डबे बघत राहिली. "तुझ्या आईनं सून बघताना एवढ्या मुली पाहिल्या नव्हत्या."

२ नोव्हेंबर
हलकी — विखुरली. जड — पहिली वर, बाकीच्या खाली. नळी तापली की आणखी खाली. नेमबाजीच्या मैदानावर बोचरा वारा. एल्मा थर्मॉस घेऊन आली आणि माझ्या जाकिटाचं बटण लावायला लागली. मी खेकसलो, "मी लावतो!" लागलं नाही. ती समोर उभी राहून खाणीच्या डोंगराकडे बघत होती, तिचा चेहरा मला दिसू नये म्हणून की माझी धडपड तिला दिसू नये म्हणून, कळलं नाही.

३ नोव्हेंबर
काही सुचत नाही. सुपीरियर सरोवरावरून बर्फ येणार म्हणतात.

९ नोव्हेंबर
सापडली! मधल्या वजनाची, तांब्याची. वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवली, प्रत्येक बारानंतर नळी निवू दिली. तिन्ही भोकं अंगठ्याखाली झाकली गेली. हेडीला फोन केला, पोरासारखा.
घरी येईपर्यंत आनंद मावळला. पिशव्यांवर टेकवल्यावर माझ्या हाताची परीक्षा होतेच कुठे? आता चुकलो तर गोळीवर ढकलता येणार नाही.

१४ नोव्हेंबर
कॅम्प. सौनाच्या वाफेत बसून झालं, मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी खाल्ल्या. ऑर्व्हिल एकेकाच्या पाठीमागे जाऊन कात्री कचकच वाजवत होता. "यंदा शर्टाचं शेपूट कोणाचं?"
"माझा शर्ट जुनाच आहे, काप बिनधास्त," मी म्हटलं. सगळे हसले. बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
उजाडताना ओढ्यापाशी मोठा नर आला. इतका जवळ, की नाकातली वाफ दिसत होती. बंदुकीवरच्या दुर्बिणीत तो मावत नव्हता, आणि स्थिरही राहत नव्हता. हलत होता माझा हात. फांदीवर टेकवून पाहिलं, श्वास सोडला, बार काढला.
त्याने मान वर केली. बंदुकीने दुसरी गोळी शहाण्यासारखी भरून ठेवली होती. बोटच वाकेना. तो चालत निघून गेला, पळालासुद्धा नाही.
ऑर्व्हिल आला. आम्ही बर्फात रक्त शोधलं, केस शोधले. काही नाही. गोळी देवदाराच्या खोडात होती. निदान जखमी होऊन कुठे तडफडत नाही, एवढंच समाधान.
"गोळी कुठली होती, दाजी?"
"चांगली होती."


१६ नोव्हेंबर
काल जेवणाआधी मी शर्ट पँटमधून बाहेर काढला आणि तुकडे ठोकलेल्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. कोणी हसलं नाही. "बसा दाजी," ऑर्व्हिल म्हणाला, "सूप गार होतंय." कात्री त्याच्या खिशातच राहिली.