मायचं मत

नाशिक

प्रिय राजदीप,

जय भीम. मी शाळेत शिकवायला जाते, दोन्ही वेळ जेवते. बाबांना तेवढंच सांग. ते जेवतात ना? त्यांना एकटं सोडू नकोस.

अंथरुणावरूनच मत देऊन माय चार दिवसांत गेली, मग तिचं मत बाद होईल का, असं तू विचारलंस. इथल्या निवडणूक कार्यालयात मी दोघांना विचारलं. होत नाही म्हणाले.

घरी मत घ्यायला आलेल्या साहेबांना तिने सुनावलं होतं, "मशीन काऊन नाही आनली? कागदाले टूं वाजत नाही, मंग मत पडलं कसं मानू?" तू फोनवर ऐकवलंस, तेव्हा किती हसलो आपण!

अर्जुनी-मोरगावची मोजणी शनिवारी. घरून घेतलेली मतं टपाली धरतात, ती आधी मोजतात. तोवर मायचं एक काम अजून व्हायचं आहे, असं वाटतं. मोजणी लांबली तरी मला चालेल.

तुझी,
अल्काताई