शिडीवरून पाहायचा चेहरा

मी, खाली सही करणारी, नाटकांचे पडदे रंगवण्यात हयात घालवलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणी धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवणारा अजून जन्मायचा आहे. शुद्धीचा उल्लेख ठळक करा, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून पुन्हा लिहिते : पूर्ण शुद्धीत. कारण माझा धाकटा भाऊ, ताईचे डोके फिरले आहे, असे सांगत फिरतो आणि पुरावा म्हणून मी काढलेल्या माझ्याच चित्राकडे बोट दाखवतो. त्याचे खरे मानले गेले, तर हा कागद रद्दीत जाईल आणि चित्र आगीत.

कलम एक. राहते घर अर्धे भावाला, अर्धे माझ्या भाचीला, म्हणजे त्याच्याच मुलीला. तो भाड्याच्या खोल्यांत म्हातारा झाला. राग आहेच, पण त्याला हक्काचे छप्पर हवे. स्वयंपाकघरातल्या नळाशी झटापट करू नये. तो गळतो, पण माझे ऐकतो.

कलम दोन. बादल्या आणि लांब दांड्यांचे ब्रश नाटक कंपनीतल्या सुताराला. त्याने नेलेली माझी करवत परत आली नाही. त्याला ती लखलाभ!

कलम तीन. बँकेत उरेल ते भाचीला. मी गेल्यावर भाषणे नकोत. कंपनीच्या मॅनेजरला तर तोंडही उघडू देऊ नये. जिवंतपणी माझ्याबद्दल कधी बरा शब्द काढला नाही, नंतर काय दिवे लावणार?

कलम चार, चित्राविषयी. पडदा आम्ही जमिनीवर पसरून, अनवाणी त्यावर चालत रंगवतो. रंगवताना पायाशी असेल तेवढेच दिसते; सगळे पाहायचे तर शिडी चढावी लागते. एका बंद पडलेल्या नाटकाचा कोरा पडदा मी मागच्या खोलीत पसरला आणि स्वतःचा चेहरा काढायला घेतला. आरसा तळहाताएवढा. त्यात एका वेळी एक डोळा मावे, नाहीतर ओठ. हुबेहूब काढायची हौस नव्हती; त्या दिवशी आत जे खदखदत असेल तो रंग. कोपरे उघडे दिसू नयेत म्हणून तिथेही काहीबाही भरले. चेहरा रागीट निघणार याची खात्री होती. सगळे मला तापट म्हणतात, मीही म्हणते.

मग शिडी चढले. राग कुठेच नव्हता. हिरव्या-काळ्या फटकाऱ्यांतून एक भेदरलेला चेहरा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, माझ्याकडे पाहत होता. कोपऱ्यांत जे काहीबाही भरले होते, ते कानांवर दाबलेले दोन हात होते. वडील ओरडायला लागले की आम्ही भावंडे पलंगाखाली शिरायचो, ते आठवले. म्हणजे जन्मभर मी घर डोक्यावर घेतले ते रागाने नव्हे. आपण आधी ओरडलो की दुसरे कोणी ओरडत नाही, म्हणून! अहो, हे मलाच ठाऊक नव्हते, मग काढले कोणी? आजही शिडीवर गेले की अंगावर काटा येतो. आपण भाजी चिरतो, भांडतो, झोपतो, आणि एवढे अफाट काहीतरी आपल्या आत निमूट बसून असते. हात जोडावेसे वाटतात.

भावालाही वर चढवले होते. तो घामाघूम होऊन उतरला. "जाळून टाक हे. वेड लागलंय तुला," म्हणाला, आणि त्याने येणेच सोडले.

तर, चित्र भाचीला. ते कापू नये. एक दलाल नुसते डोळे कापून मागतो आहे; त्याला दारातूनच वाटेला लावावे.

पुरवणी. सह्यांच्या वेळी दुसरी साक्षीदार, शेजारच्या शिंप्याची बायको, तापाने पडली. भाचीने मला न विचारता बापाला बोलावले. तो आला, भांडायलाच आला असे मला वाटले. कागद मागून घेतला, कलम चार वाचले आणि म्हणाला, "शिडी कुठंय?"

तो चढला. मी खाली शिडी धरून.

"ताई, हे हात कुणाचे?"

"माझे. दुसऱ्या कुणाचे असणार?"

"नाही गं. अंगठे गालांवर आलेत बघ. आपलेच कान झाकले की अंगठे मागे जातात. हे समोरून कुणीतरी झाकलेत. हात तुझेच आहेत, पण कान माझे. पलंगाखाली तुझे उघडेच राहायचे."

इतकी वर्षे मी स्वतःला पाहत होते, आणि हा माझ्या हातांत होता.

तो उतरला आणि साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाला. वकीलबाईंनी बजावले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. घरातला तुमचा वाटा जाईल." तो म्हणाला, "जाऊ दे. मुलीकडे राहीन. कुठे सही करू?" त्याचा वाटा भाचीला द्यावा, आणि तिने बापाला खिडकीजवळची खोली द्यावी.

ठिकाण : मागची खोली. तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तीच.

सही : पडदे रंगवणारी

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी : बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही.

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ : ताईने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीत आहे. तिला वेडी म्हणणारा मीच. मी घाबरलो होतो. सही.