तुझ्या अम्माचा हिरो

रजनी बेटी,

"बाबूजी, भिंतीकडे किती बघत बसाल?" म्हणून सकाळी ओरडलीस ना? अम्मा गेल्यापासून आज पहिल्यांदा बाहेर पडतोय. घंटाघरापाशी तिचा तो जुना मारामारीचा सिनेमा पुन्हा लागलाय.

मोठा हिरो घोड्यावरून उडी मारतो, तशी आज कुणाला जमत नाही. पण अम्माचा जीव धाकट्यावर. त्याने नुसती भुवई उचलली की सारं थिएटर गप्प व्हायचं. त्याला गोळी लागायच्या आत ती दर वेळी मला ओढायची, "उठा हो, पुढे काय बघायचंय?" मग बाहेर कचोरी खायचो. शेवट मी कधी पाहिलाच नाही.

आज ओढायला ती नाही. तरी वेळेवर उठेन, त्याला मरू देणार नाही. कचोऱ्या आणतो, चहा टाकून ठेव.

बाबूजी