घंटानादाची तारीख

१ फेब्रुवारी २०१९, शुक्रवार
नवी वही. कारण ऐतिहासिक आहे. बरोबर छप्पन्न दिवसांनी, २९ मार्चला, आपला देश युरोपियन युनियनमधून बाहेर पडणार. त्या संध्याकाळी सहा वाजता ओल्ड थॅक्स्बी गावच्या चर्चमधल्या सहाही घंटा वाजतील. पाऊण तास, बाराशे साठ फेऱ्या, दर फेरीत घंटांचा क्रम वेगळा, एकही चूक नाही. मनोऱ्याचा, म्हणजे घंटा वाजवणाऱ्यांचा, कॅप्टन मी, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर. बाकीच्या पाच जणांना सोमवारी सरावाला सांगेन.

४ फेब्रुवारी, सोमवार
सांगितलं. लोक भारावून गप्प झाले. टॅपर भगिनी एकमेकींकडे बघत राहिल्या. ग्लेनिस (बायको, दोन नंबरची घंटा) म्हणाली, आधी घरात विचारायचं तरी. रॉय हसला. रॉय सगळ्यात जड घंटा ओढतो, चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, फुलांची आणि कोबीची शेती. रासाने विचारलं, "मिस्टर पर्किस, मी पण वाजवायची?" रासा लिथुआनियाची. रॉयच्या पॅकिंग शेडवर मुकादम आहे. घंटा वाजवायला मीच शिकवलं, आणि माझ्या हाताखाली तिच्याइतकं कुणी तयार झालं नाही. म्हटलं, अर्थात! तुझ्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही, हे सगळं तुमच्या बाकीच्या लोकांबद्दल आहे. तिला पटलं असावं. दोर हातात घेतला.

१९ फेब्रुवारी
चर्चच्या धर्मगुरूंची, व्हिकरबाईंची, परवानगी मिळाली. देश खरोखर बाहेर पडला तर वाजवा, पण चर्च कुणाच्याही बाजूचं नाही, म्हणाल्या. 'तर' हा शब्द मला आवडला नाही.

१४ मार्च, गुरुवार
संसदेने मुदतवाढ मागायचं ठरवलं! चौतीस वर्षं मी बस कंपनीत वेळापत्रकं बनवली. पाच चाळीसची बस म्हणजे पाच चाळीस. एक म्हातारी धावत येताना दिसतेय म्हणून बस थांबवली की पुढच्या सतरा थांब्यांवरच्या म्हाताऱ्या खोळंबतात. हे साडेसहाशे खासदारांना कळत नाही.

१८ मार्च, सोमवार, रात्री
सरावाला भांडण. मी सुरू केलं नाही. मी फक्त म्हटलं की मुदतवाढ मागणारे देशाचे शत्रू आहेत. त्यावर रॉय म्हणाला, "मला तर बरंच वाटलं बाबा. डॅफोडिल्स शेतात उभी आहेत, तोडायला तीस माणसं, सगळी बाहेरच्या देशांतली. माझा हंगाम उरकू दे, मग जा कुठं जायचंय तिकडं."
मी म्हटलं, अरे, २०१६ला बाहेर पडायला मत तूही दिलंस! माझ्याच गाडीतून गेलास!
म्हणाला, "मत जूनमध्ये दिलं. जूनमध्ये डॅफोडिल्स नसतात."
टॅपर भगिनी हसल्या. रासासुद्धा. मग मी रॉयला गद्दार म्हटलं. कदाचित दोनदा. त्याने दोर नीट गुंडाळून खुंटीला अडकवला, टोपी घातली आणि जिना उतरून गेला. येईल परत. जाणार कुठं?

२९ मार्च, शुक्रवार
देश बाहेर पडला नाही. सहा वाजता तरीही मनोऱ्यात गेलो. कुणी आलं नाही. एकट्याने वाजवणं शिस्तीत बसत नाही, म्हणून वाजवलं नाही. घरी जल्लोषासाठी केलेले साठ सॉसेज रोल्स. ग्लेनिसने एक शब्द न बोलता फ्रीजरमध्ये भरले. तिचं न बोलणं फार मोठ्याने असतं.

११ एप्रिल
नवी तारीख, ३१ ऑक्टोबर. सात महिने! ज्यांना निर्णय घेता येत नाही ते तारखा घेतात.
रॉय सरावाला येत नाही. ठराव : तो माफी मागेपर्यंत बोलायचं नाही. त्याला ३० एप्रिलपर्यंत मुदत. वाढ मिळणार नाही.

३० एप्रिल
रॉयला ३० जूनपर्यंत मुदत दिली. पेरणीचे दिवस आहेत, माणूस कामात असतो.

९ जुलै
ग्लेनिस म्हणाली, रॉयला तपासण्यांसाठी दवाखान्यात ठेवलंय, पोटात काहीतरी आहे, चल भेटून येऊ. मी म्हटलं, शेतकऱ्याचं पोट, काय व्हायचंय त्याला? आणि हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "तत्त्व घरीच ठेव, तू ये." गेलो नाही. ती एकटी गेली. फ्रीजरमधले वीस रोल्स नेले. मला न विचारता.

३ सप्टेंबर
रासा घरी आली होती. देश बाहेर पडल्यावरही इथे राहायचा परवाना हवा तर पाच वर्षं इथेच होतो हे दाखवावं लागतं. तिच्या कागदपत्रांत मध्येच एक वर्ष कमी पडतंय. २०१३ पासून दर सोमवारी मनोऱ्यात येते असं पत्र मी द्यावं, ही विनंती. म्हटलं, आनंदाने! पण ३१ ऑक्टोबर होऊ दे, चित्र स्पष्ट होऊ दे, उगाच आत्ता घाई कशाला? "मिस्टर पर्किस, घाई नको म्हणून तर लोक मुदत मागत होते," म्हणाली. हुशार मुलगी. पण राजकारण कळत नाही.

१६ सप्टेंबर
कळलं की रासाला पत्र रॉयने दिलं. अंथरुणात बसून, स्वतःच्या हाताने, दोन पानं. दिखाऊपणा त्याचा जुनाच.

२८ ऑक्टोबर, सोमवार
पुन्हा पुढे! ३१ जानेवारी! चहाचा कप भिंतीवर फेकणार होतो, पण लग्नातला सेट आहे.
ग्लेनिस म्हणाली, रॉयला घरी आणलंय. औषधं थांबवली आहेत. "थांबवली म्हणजे काय ते कळतं ना तुला? जा." मी म्हटलं, आत्ता गेलो तर त्याला वाटेल आपली बाजू जिंकली. ३१ जानेवारीला सगळं मार्गी लागलं की मी जाईन, मोठ्या मनाने, हातात बाटली घेऊन, आणि झालं गेलं विसरून जाऊ म्हणेन. जिंकलेल्या माणसाने पहिलं पाऊल टाकलं तर ते शोभतं. ग्लेनिस उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

१३ डिसेंबर
निवडणुकीचा निकाल लागला, बाहेर पडणाऱ्यांना मोठं बहुमत. आता कुणी अडवू शकत नाही. मन प्रसन्न. रॉयसाठी नाताळचं कार्ड आणलं. आत काय लिहावं ते ठरेना.

२३ डिसेंबर
कार्ड अजून कोरं. मजकूर महत्त्वाचा, घाईत लिहून चालणार नाही. पोस्टाची वेळ उलटून गेली. नववर्षाचं कार्ड म्हणून चालेल.

२० जानेवारी २०२०, सोमवार
रॉय गेला. पहाटे.
अकरा दिवस थांबला नाही.

२२ जानेवारी
अंत्यविधी ३१ तारखेला, दुपारी दोनला. दुसरी तारीख मिळाली नाही म्हणे.
घंटांचं मी बघतो असा निरोप पॅटला, रॉयच्या बायकोला, पाठवला. उत्तर रासाकडून आलं : पॅटने तिला सांगितलंय. रॉयचा दोर मोकळा ठेवायचा, बाकी पाच घंटा वाजवायच्या, लोळ्यांना एका बाजूने कातडं बांधून, म्हणजे एक ठोका मोठा आणि एक दबका. माझी तीन नंबरची घंटा मलाच. फेऱ्या रासा पुकारणार.

३१ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळ
चर्च भरलं होतं. फुलं तोडणारे सगळे आले होते, दारापर्यंत उभे. पाऊण तास वाजवलं. कुणाचीही चूक झाली नाही. माझी एकदा झाली. रासाने हळूच "तीन, मागे" म्हणून सावरून घेतलं. बाहेर कुणाला कळलं नसेल.
नंतर हॉलमध्ये चहा. पॅटकडे गेलो. मोठ्या मनाने जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काही आठवेना. म्हटलं, मी येणारच होतो.
पॅट म्हणाली, "तो रोज विचारायचा, क्लाइव आला का. मी सांगायचे, त्याची तारीख पुढे गेलीय. हसायचा. शेवटी शेवटी हसायचा नाही."
मी म्हटलं, खरंच पॅट, मी आजच येणार होतो. ३१ ला. ठरवलंच होतं.
ती म्हणाली, "आलास की." आणि माझ्या बशीत केकचा तुकडा ठेवून पुढच्या माणसाकडे वळली.

१ फेब्रुवारी, शनिवार
काल रात्री अकरा वाजता देश बाहेर पडला. असं ग्लेनिस म्हणते. मी टीव्हीसमोर खुर्चीत झोपलो होतो, बूटसुद्धा काढले नव्हते. तिला म्हटलं, साडेतीन वर्षं मी या क्षणाची वाट बघितली, उठवलं का नाहीस? म्हणाली, "उठून काय करणार होतास?"
याचं उत्तर आहे माझ्याकडे. आत्ता आठवत नाही.