तातायचा गॅस

१० जून
कॉलेजात नाव घातलं. पॅरामेडिकचा सर्टिफिकेट कोर्स. अख्ख्या इलोइलो शहरात माझ्याइतकं शांत डोकं दुसरं नाही, हे कधीतरी कुणाच्या लक्षात यायला हवंच होतं. तातायना, म्हणजे वडिलांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. पोराचं कौतुक त्यांनी आमच्या खानावळीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. बाजारातल्या मासेवाल्या बायांनी नाडी बघायला हात पुढे केले. सगळ्यांच्या नाड्या उत्तम.

२ जुलै
युनिफॉर्म आला. फोटो काढण्यात सकाळचं लेक्चर बुडालं. विषय हृदय. बिघडलं काहीच नाही, ते मला उपजतच कळतं. लिझेल समजावून सांगते म्हणाली. ही माझी प्रॅक्टिकलची जोडीदार. मुलगी बरी आहे, पण घाबरट.

१९ जुलै
तांदळाचं पोतं माडीवर नेताना तातायना छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. जबडाही दुखला. बसल्यावर थांबलं. मी तपासलं. गॅस. आल्याचा चहा दिला. जबडा दाढेमुळे. एका माणसाला दोन आजार असू शकतात, हे नवशिक्यांना सुचत नाही.

२३ जुलै
प्रॅक्टिकल. रबरी पुतळ्याची छाती दाबायची होती. तुमुलाक मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नेस्तोर, तू पोट दाबतोयस. हा गेला." पुतळा फार जुना आहे. उद्यापासून पहाटे उठून सराव.

२४ जुलै
उद्यापासून.

५ ऑगस्ट
लिझेलला सहज तातायच्या गॅसबद्दल सांगितलं. तिचा चेहराच उतरला. "दादा, त्यांना दवाखान्यात घेऊन जा. आजच." घरी येऊन गंमत म्हणून हे सांगितलं, तर ताताय खरंच उठले आणि इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. मी म्हटलं, घरात मी असताना? शेजारपाजारचे काय म्हणतील? त्यांनी थोडा विचार केला आणि शर्ट काढून खुंटीला लावला. बटणं काढायला वेळ लागला. वय झालं.

१४ ऑगस्ट
ताताय आता पोती उचलत नाहीत. जिन्यात मध्येच बसतात. विश्रांतीचा माझा सल्ला मनापासून पाळतात. पेशंट असावा तर असा. झोपतातही उशांना टेकून, बसल्या बसल्या. आडवं झालं की जीव घाबरतो म्हणतात. चहात आलं वाढवलं. पूर्वी स्वयंपाक करताना गायचे, ते बंद झालंय. घर फार शांत वाटतं.

२६ ऑगस्ट
अँब्युलन्सवर पहिली ड्युटी, लिझेलबरोबर. दुपारी कॉल आला. ड्रायव्हरने पत्ता मोठ्यानं वाचला: बाजारामागची गल्ली, खानावळ. मी म्हटलं, वाट मी दाखवतो, आमचीच गल्ली. अगदी वळणापर्यंत मला वाटत होतं, कुणी गिऱ्हाईक असेल.
ताताय चुलीजवळ फरशीवर. घामानं भिजलेले, राखेसारखा रंग. मला बीपीचा पट्टा बांधता येईना. दोनदा उलटा बांधला. लिझेलनं तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "दादा, तुम्ही दार धरा."
मी दार धरलं.

२८ ऑगस्ट
ताताय वाचले. हृदयाचा एक भाग मात्र मेला, तो परत येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. चूल, जिना, ओझं, सगळं बंद. मग त्यांनी विचारलं, एवढे दिवस दुखत होतं तर आला का नाहीत? तातायना धड श्वास पुरत नव्हता. तरी मास्क बाजूला करून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.
"माझा मुलगा पॅरामेडिक आहे ना. त्यानं तपासलं होतं."
अभिमानानं म्हणाले.
डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भिंत होती.