ओळखीचा हात

मंगळवार, संध्याकाळ. कमलनगर

आज प्रयोगशाळेत नव्या औषधाचा डोस द्यायला पिंजरा उघडला, तर पांढरा ससा आपणहून माझ्या हातावर आला. चार महिने मीच त्याला मेथी घालायची. डोस दिल्यावर दुपारी तो मेला. आपणहून आला होता, हेच डोक्यातून जाईना. मी नाही म्हणायला हवं होतं का? मग दुसऱ्या कुणी धरलं असतं.

घरी आई म्हणाली, "जेव की. काय विचार करायलीस?"

सगळं सांगितलं.

"तुझा हात वळखीचा वाटला असंल गं त्याला."

मला रडू आवरेना.

तिची रोजची हार्टची गोळी तळहातावर तशीच राहिली. "ही बी अशीच कुणाला तरी देऊन बघितली असंल का?"

"व्हय. पण घे, आई."

तिनं गोळी घेतली. नंतर बराच वेळ माझ्याकडं बघितलं नाही.