उपवासकाळातला रस्सा

प्रिय मामा,

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं. तुम्हाला संत म्हणावं की नाही, याची चौकशी करायला रोमहून पाद्री आले आहेत. आज शपथेवर माझी साक्ष झाली.

बार्तोलोमेया मावशी वाटभर बजावत होती, "तुझ्या ज्या बिशप मामानं ईस्टरआधीच्या उपवासकाळात गावातल्या खाटकांची दुकानं बंद करायला लावली, त्यानंच रस्सा ओरपला, असं सांगणार आहेस? घरात एक संत होतोय, बुडव त्याला कोंबडीच्या रश्श्यात."

पण बायबलवर हात ठेवल्यावर मला लपवता येईना. लहानपणी अशाच उपवासकाळात मी तापानं फणफणले होते, ते सांगितलं. वैद्य रस्सा घे म्हणत होते आणि मी पापाच्या भीतीनं तोंड मिटून पडले होते. तुम्ही म्हणालात, "आजाऱ्याला उपास नसतो, लविनिया." तरी मी ऐकेना. मग तुम्ही खुर्ची ओढून वाडगा उचललात. "बरं, पाप असेल तर आधी मला लागू दे."

पाद्रीबुवांनी विचारलं, "चमचाभरच घेतला ना?"

"नाही. अर्धा वाडगा. वर पाव मागून घेतला."

ते लेखनिकाला म्हणाले, "पावाचंही लिहा."

मावशी माझ्याशी बोलत नाही. तुमचं संतपण माझ्यामुळे हुकलं, तर तुम्ही तरी रागावू नका. उरलेला अर्धा वाडगा मी संपवला, म्हणून तर आज साक्ष द्यायला उरले.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
लविनिया